मूळ एक, प्रती अनेक

भूगोलाच्या तासाला नद्यांचा नकाशा अभ्यासायचा आहे. वर्गात तीस मुले आहेत, पण मोठा आणि स्पष्ट छापलेला नकाशा एकच आहे. प्रत्येकाने त्यावर आपापल्या नोंदी करायच्या आहेत. तीस नकाशे विकत घेणे शाळेला परवडत नाही. एकाच नकाशावर सगळ्यांनी लिहिले, तर दुसऱ्या दिवशी तो कोणाच्याच उपयोगाचा राहणार नाही. अनुभवी शिक्षक अशा वेळी प्रत्येकाच्या हाती एक ट्रेसिंग पेपर देतात. कागद नकाशावर ठेवला की खालचे सगळे दिसते; लिहायचे ते मात्र वरच्या कागदावर. नकाशा स्वच्छ राहतो आणि प्रत्येकाला आपला स्वतःचा, नोंदींनी भरलेला नकाशा मिळतो.

संगणकाच्या जगात हीच युक्ती वापरून एका संगणकाच्या तीस, तीनशे किंवा तीन हजार प्रती काही मिनिटांत तयार करता येतात. अशा प्रतीला 'लिंक्ड क्लोन' म्हणतात. आपण तिला जोडप्रत म्हणू. ही युक्ती अलीकडची वाटते, पण तिची मुळे १९६० च्या दशकात आहेत. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या अडचणींतून ती पुन्हा पुन्हा सुचत गेली. तिने काय वाचवले आणि त्या बचतीची किंमत काय पडली, हे पाहण्यासारखे आहे.

एका यंत्रात चौदा यंत्रे

आधी आभासी संगणक म्हणजे काय ते पाहू. संगणकावर चालणारा प्रोग्रॅम यंत्राला आज्ञा देतो आणि यंत्राकडून उत्तर घेतो. समोरचे यंत्र लोखंडाचे आहे की दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने घेतलेले सोंग आहे, हे त्याला कळण्याचे कारण नाही. सोंग पुरेसे हुबेहूब असेल तर एकाच खऱ्या यंत्रावर अनेक यंत्रांचा भास निर्माण करता येतो. प्रत्येक आभासी यंत्राला आपली स्मृती, आपली डिस्क, आपला छपाईयंत्राचा संच आहे असे वाटते. खरे यंत्र मात्र सगळ्यांची कामे आळीपाळीने उरकत असते.

हे प्रथम प्रत्यक्षात उतरले ते अमेरिकेतील केंब्रिज गावी. १९६४ साली 'मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' या संस्थेने आपल्या महत्त्वाकांक्षी 'प्रोजेक्ट मॅक'साठी आयबीएमचे यंत्र नाकारून जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र निवडले. अनेकांनी एकाच वेळी संगणक वापरायचा तर त्यासाठी लागणाऱ्या सोयी आयबीएमच्या नव्या यंत्रमालिकेत नव्हत्या. त्याच वर्षी आयबीएमने केंब्रिजमध्ये एक छोटे संशोधन केंद्र उघडले होते. तेथे रॉबर्ट क्रीझी यांच्या पुढाकाराने एक गट कामाला लागला. त्यांनी 'सिस्टीम/३६०'च्या मॉडेल ४० या यंत्रात थोडे फेरफार करून 'सीपी-४०' नावाची प्रणाली तयार केली. जानेवारी १९६७ पर्यंत ती रोजच्या वापरात आली होती. त्या एका यंत्रावर एका वेळी चौदा आभासी यंत्रे चालत. प्रत्येकाला आपल्यापाशी २५६ किलोबाइट स्मृती आहे असे वाटे. गंमत म्हणजे खऱ्या मॉडेल ४० ला सगळी मिळून जास्तीत जास्त तेवढीच स्मृती बसवता येत असे!

सीपी-४० ची पुढची आवृत्ती सीपी-६७. तिच्यापासून १९७२ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने 'व्हीएम/३७०' ही अधिकृत प्रणाली जाहीर केली. त्या काळी डिस्कवरची जागा फार महाग होती. म्हणून एका मोठ्या डिस्कचे लहान लहान भाग करून प्रत्येक आभासी यंत्राला एक भाग देत. त्याला 'मिनीडिस्क' म्हणत. पण प्रत्येकाला 'सीएमएस' ही कार्यप्रणाली, म्हणजे आपण ज्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती, लागणारच. शंभर जणांसाठी तिच्या शंभर प्रती डिस्कवर ठेवणे म्हणजे उधळपट्टी. यावर तोडगा असा निघाला, की कार्यप्रणाली असलेली एकच डिस्क सर्वांना दाखवायची, पण केवळ वाचण्यासाठी. लिहिण्यासाठी प्रत्येकाची स्वतंत्र छोटी डिस्क.

एखादी फाइल हवी असली की सीएमएस आधी वापरणाऱ्याची स्वतःची डिस्क पाही आणि तेथे न सापडल्यास शेवटी सामाईक डिस्ककडे जाई. तुम्ही सामाईक डिस्कवरील एखाद्या फाइलची सुधारलेली आवृत्ती त्याच नावाने आपल्या डिस्कवर ठेवली, तर तुम्हाला तुमची आवृत्ती दिसे, इतरांना मूळ. ट्रेसिंग पेपरची युक्ती ती हीच. फक्त येथे ती पूर्ण फाइलच्या पातळीवर होती.

लिहीपर्यंत नक्कल नको

पुढची पायरी त्याच केंब्रिज गावात, पण दुसऱ्याच संस्थेत चढली गेली. 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या कंपनीने पीडीपी-१० या यंत्रासाठी 'टेनेक्स' नावाची कार्यप्रणाली तयार केली. तिचे वर्णन करणारा शोधनिबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या चार लेखकांपैकी एक रे टॉमलिन्सन. दोन संगणकांमधील पहिली ई-मेल १९७१ साली पाठवणारे तेच हे गृहस्थ. तो संदेशही टेनेक्सवरूनच गेला होता.

टेनेक्समध्ये स्मृतीची छोट्या समान भागांत विभागणी केलेली असे. या भागांना पाने म्हणतात. दोन प्रोग्रॅमना एकच मजकूर हवा असेल तर दोघांनाही तीच पाने दाखवली जात. त्यांपैकी एकाने एखाद्या पानावर लिहिण्याचा प्रयत्न केला, की यंत्र त्याला क्षणभर थांबवी, तेवढ्या एका पानाची प्रत काढून त्याच्या हवाली करी आणि मग लिहू देई. दुसऱ्याला याचा पत्ताही लागत नसे. या पद्धतीला 'कॉपी ऑन राइट' असे नाव आहे. मराठीत सांगायचे तर 'लिहिशील तेव्हाच नक्कल'.

ही कल्पना किती उपयोगाची, हे युनिक्सच्या इतिहासावरून कळते. युनिक्समध्ये नवा प्रोग्रॅम सुरू करायचा तर चालू प्रोग्रॅम आधी स्वतःची हुबेहूब प्रत काढतो आणि मग ती प्रत आपले जुने रूप टाकून नव्या प्रोग्रॅमचे रूप घेते. सुरुवातीच्या युनिक्समध्ये ही प्रत खरोखरच पूर्ण काढली जाई. म्हणजे सगळी स्मृती कष्टाने उतरवून घ्यायची आणि लगेच फेकून द्यायची! प्रोग्रॅम लहान होते तोवर हे खपून गेले. ते मोठे होऊ लागले तेव्हा बर्कले येथील विद्यापीठाने १९७९ साली एक तात्पुरता उपाय केला. त्यात प्रत काढलीच जात नसे. नवा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत मूळ प्रोग्रॅम थांबून राही आणि आपली स्मृती उसनी देई. पुढे 'लिहिशील तेव्हाच नक्कल' ही पद्धत युनिक्स घराण्यात रुळली आणि प्रश्न कायमचा सुटला.

येथे थोडे थांबून विचार करू. नक्कल म्हटली की दोन सारख्या वस्तू आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण दोन वस्तू अगदी सारख्या असतील तर दुसरी ठेवण्याची गरजच काय? दुसरीत जेवढा फरक पडतो तेवढाच नोंदवला की काम भागते. या संपूर्ण इतिहासाचे सार एवढेच आहे.

विस्मृती आणि पुनरागमन

१९८० च्या दशकात छोटे, स्वस्त संगणक टेबलाटेबलावर आले. ज्याला त्याला स्वतःचे यंत्र मिळू लागल्यावर एका यंत्राची चौदा सोंगे करण्याची हौस कोणाला राहणार? आयबीएमची मोठी यंत्रे वापरणाऱ्यांपुरती ही विद्या शिल्लक राहिली. त्यात भर म्हणजे घरोघरी पोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरची रचनाच सोंग घेण्यास प्रतिकूल होती. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली, कोणत्या यंत्राचे आभासी रूप सहज करता येईल याचे नियम मांडले होते. पेंटियम प्रोसेसरमधील १७ आज्ञा त्या नियमांत बसत नाहीत, असे २००० साली एका अभ्यासात दाखवले गेले.

मधल्या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठात एक वेगळीच अडचण उभी राहिली होती. अनेक प्रोसेसर असलेली मोठी यंत्रे तयार होत होती, पण त्यांना पेलतील अशा कार्यप्रणाली नव्हत्या. एदुआर्द ब्युन्यों, स्कॉट डिव्हाइन आणि मेंडेल रोझेनब्लम यांनी १९९७ साली 'डिस्को' नावाचा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या यंत्राचे अनेक आभासी तुकडे करायचे आणि प्रत्येकावर नेहमीचीच कार्यप्रणाली चालवायची, हा त्यांचा मार्ग. मग तोच जुना प्रश्न आला : एकाच कार्यप्रणालीच्या इतक्या प्रती कशा परवडाव्यात? उत्तरही जुनेच होते. सर्व आभासी यंत्रांना एकच डिस्क दाखवायची आणि ज्याने त्याने केलेले बदल ज्याच्या त्याच्यापाशी वेगळे ठेवायचे.

१९९८ साली हे तिघे, डायेन ग्रीन आणि एडवर्ड वँग यांनी मिळून 'व्हीएमवेअर' ही कंपनी काढली. नियमांत न बसणाऱ्या आज्ञा चालू असतानाच बदलून घेण्याची युक्ती त्यांनी योजली आणि १९९९ साली साध्या टेबलावरच्या संगणकावर आभासी संगणक चालू लागला. २००५ साली त्यांच्या 'वर्कस्टेशन'च्या पाचव्या आवृत्तीत जोडप्रती काढण्याची सोय आली. फाब्रीस बेलार यांच्या 'क्यूएमू' या मुक्त प्रणालीत डिस्क साठवण्याच्या पद्धतीचे नावच 'क्यूकाउ' आहे. त्यातला 'काउ' म्हणजे गाय नव्हे, तर 'कॉपी ऑन राइट'ची आद्याक्षरे! 'व्हर्च्युअलबॉक्स' या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत जोडप्रती २०११ साली आल्या.

जोडप्रत चालते कशी?

आता थोडे गणित करू. मूळ आभासी संगणकाची डिस्क २० गिगाबाइटची आहे असे धरा. तीस विद्यार्थ्यांसाठी तीस पूर्ण प्रती काढल्या तर ६०० गिगाबाइट जागा लागेल. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने लिहिले तरी सुमारे पावणेदोन तास जातील. जोडप्रतीत असे काहीच उतरवले जात नाही. तयार होते ती एक जवळजवळ कोरी फाइल. 'माझे मूळ अमुक ठिकाणी आहे' एवढी नोंद तिच्यात असते आणि सोबत एक सूची असते.

ही सूची महत्त्वाची. डिस्कचे छोटे समान ठोकळे पाडलेले असतात. क्यूकाउच्या नव्या रूपात असा ठोकळा सर्वसाधारणपणे ६४ किलोबाइटचा असतो. म्हणजे २० गिगाबाइटचे ३,२७,६८० ठोकळे झाले. प्रत्येक ठोकळ्यासाठी सूचीत आठ बाइटची एक जागा. सगळी सूची भरली तरी अडीच मेगाबाइट. एखादा ठोकळा वाचायचा झाला की आधी सूची पाहायची. तेथे नोंद असेल तर ठोकळा आपल्या फाइलमधून घ्यायचा. जागा रिकामी असेल तर खाली मूळ डिस्ककडे जायचे. लिहायचे झाले तर मात्र नेहमी आपल्याच फाइलमध्ये लिहायचे आणि सूचीत नोंद करायची. मूळ डिस्कला हात लावायचा नाही.

दिवसभरात प्रत्येक विद्यार्थ्याने एक गिगाबाइटभर बदल केले, तर तिसांचे मिळून ३० आणि मूळ २०, असे ५० गिगाबाइट झाले. कुठे ६०० आणि कुठे ५०!

हजेरीपटावरून संगणक

जोडप्रत काढणे इतके स्वस्त झाल्यावर ती हाताने काढण्यात अर्थ उरला नाही. तीस वेळा तीच बटणे दाबणारा माणूस सतराव्या वेळी चूक करतोच. हे काम स्क्रिप्टचे, म्हणजे एकदा लिहून ठेवायच्या आणि हवे तेव्हा चालवायच्या आज्ञांच्या यादीचे. याचीही परंपरा जुनीच आहे. सीएमएसवर प्रत्येक जण आपल्या डिस्कवर अशा याद्या लिहून ठेवत असे. त्या लिहिणे सोपे व्हावे म्हणून आयबीएममधील माइक कौलिशॉ यांनी १९७९ साली 'रेक्स' नावाची खास भाषा रचायला घेतली होती.

जोडप्रतींची स्क्रिप्ट साधारण अशी असते. पहिली पायरी : मूळ आभासी संगणक नीट तयार करून बंद करायचा आणि त्याच्या त्या स्थितीची खूण करून ठेवायची. या खुणेला 'स्नॅपशॉट' म्हणतात. दुसरी पायरी : हजेरीपटाची फाइल उघडून एकेक नाव वाचायचे. तिसरी : प्रत्येक नावासाठी त्या स्नॅपशॉटपासून एक जोडप्रत काढायची, तिला विद्यार्थ्याचे नाव द्यायचे आणि सुरू करायची. चौथी : नावे संपेपर्यंत हेच करायचे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यासाठी 'क्लोनव्हीएम' ही आज्ञा आहे. कोणत्या स्नॅपशॉटपासून प्रत हवी हे तिला सांगायचे आणि 'लिंक' हा पर्याय द्यायचा. दहा-बारा ओळींत सगळे संपते. संध्याकाळी दुसऱ्या एका छोट्या स्क्रिप्टने तीसही प्रती पुसून टाकायच्या. सकाळी पुन्हा तीस कोरे संगणक तयार!

शिक्षकाच्या दृष्टीने याचे मोल जागेच्या बचतीपेक्षा मोठे आहे. प्रयोगशाळेतील संगणकाला 'हात लावू नका' असे मुलांना सांगावे लागते, कारण तो बिघडला तर दुरुस्तीला दिवस जातो. जोडप्रतीवर मुलाने महत्त्वाची फाइल पुसून पाहावी, चुकीची आज्ञा देऊन पाहावी, संगणक सुरूच होणार नाही असे करून ठेवावे. नुकसान काय, तर वरचा एक कागद. चूक करण्याची मुभा इतकी स्वस्त पूर्वी कधी नव्हती.

संशोधकांनाही याचा असाच उपयोग झाला. २००५ साली सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका गटाने इंटरनेटवरचे विषाणू पकडण्यासाठी सापळा रचला. एखाद्या पत्त्यावर कोणी डोकावले, की त्या क्षणी तेथे एक आभासी संगणक 'जन्माला' येई. स्मृतीची पाने सामाईक, फरक तेवढा वेगळा. मोजक्याच खऱ्या यंत्रांवर ६४,००० हून अधिक संगणकांचे सोंग त्यांनी उभे केले.

बचतीची किंमत

हे सगळे फुकट मिळते का? नाही. ट्रेसिंग पेपरकडे पुन्हा पाहू. तीस मुलांच्या नोंदी तीस कागदांवर सुरक्षित आहेत. आता खालचा नकाशाच कोणी काढून नेला तर? कागदांवर उरतील नुसती टिंबे आणि बाण. नकाशा नेला नाही, पण बदलला, तर आणखी वाईट. कारण एखाद्या शहराची खूण नदीच्या पात्रात पडेल आणि कोणाच्या ते लक्षातही येणार नाही.

जोडप्रतींचे तसेच आहे. मूळ डिस्क पुसली गेली की साऱ्या प्रती एकदम निकामी होतात. मूळ संगणकात 'जरा सुधारणा करू' म्हणून कोणी थेट बदल केला, तर प्रतींमधील ठोकळे आणि खालचे ठोकळे यांचा मेळ राहत नाही. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रणाली ज्या डिस्कवर अनेक प्रती उभ्या आहेत ती पुसू देत नाहीत. पण फाइल हाताने हलवणाऱ्याला कोण अडवणार? तीस पूर्ण प्रतींपैकी एक बिघडली तर एका विद्यार्थ्याचे काम जाते. तीस जोडप्रतींचे मूळ बिघडले तर वर्गाचे जाते.

दुसरी किंमत हळूहळू कळते. कार्यप्रणालीची नवी सुधारणा आली आणि ती प्रत्येक प्रतीत वेगवेगळी बसवली, तर तेच बदल तीस वेळा तीस फाइलींत लिहिले जातात. काही महिन्यांत प्रती फुगतात आणि बचत विरून जाते. कागदावर कागद, त्यावर पुन्हा कागद अशी चळत केली तर प्रत्येक वाचनासाठी अधिक खोल जावे लागते आणि काम मंदावते. म्हणून जोडप्रत थोडे दिवस वापरून टाकून द्यावी आणि सुधारणा नव्या मुळात करून प्रती पुन्हा काढाव्यात, हे उत्तम.

तिसरी किंमत सगळ्यांत सूक्ष्म आहे. तीस मुलांना एकच हजेरी क्रमांक दिला तर काय गोंधळ होईल? हुबेहूब प्रतींमध्ये संगणकाचे नाव, त्याची ओळखखूण, गुप्त किल्ल्या हे सगळे सारखेच येते. २०१० साली टॉमस रिस्टनपार्ट आणि स्कॉट यिलेक यांनी दाखवून दिले, की चालू अवस्थेतील एकाच स्नॅपशॉटपासून आभासी संगणक पुन्हा पुन्हा सुरू केला, तर त्याने 'यदृच्छेने' निवडलेल्या संख्याही पुन्हा त्याच येऊ शकतात. गुप्त संदेशांची सुरक्षितता अशाच संख्यांवर उभी असते. म्हणून चांगल्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक पायरी लागते : प्रत सुरू होताच तिला तिचे स्वतःचे नाव आणि स्वतःच्या किल्ल्या द्यायच्या.

वर्गात करून पाहा

या सगळ्यासाठी संगणक हवाच असे नाही. फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर १६ चौकोनांची जाळी काढा. प्रत्येक चौकोनात एक अक्षर लिहा. हे झाले मूळ. मुलांना १६ रिकाम्या चौकोनांचे कागद द्या. या झाल्या जोडप्रती. आता सूचना द्या : 'पाचव्या घरात क लिहा', 'बाराव्या घरात म लिहा'. प्रत्येक गटाला वेगळ्या सूचना. मग विचारा : 'तुमच्या संगणकात सातव्या घरात काय आहे?' आपल्या कागदावर नसेल तर मुले आपसूक फळ्याकडे पाहतील. शेवटी काही न बोलता फळा पुसून टाका आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.

त्या वेळी वर्गात जो गलका होईल, त्यातून जोडप्रतीचा गुण आणि दोष दोन्ही मुलांच्या कायमचे लक्षात राहतील. सामाईक गोष्टीमुळे प्रत्येकाचा भार हलका होतो आणि म्हणूनच ती जपणे प्रत्येकाचे काम होते.